चूक लेन्सची, अडॅप्टरची की बॉडीची?

वाचकांचे प्रश्न : रेंजफाइंडर आणि फोकस

या महिन्याच्या टपालात रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचीच पत्रं जास्त आहेत. बहुतेकांनी निकालही लावून टाकला आहे : अडॅप्टर (लेन्स आणि बॉडी यांना जोडणारी मधली चकती) खराब, आता दुसरा कोणता घेऊ? माझं कळकळीचं सांगणं, थोडं थांबा. रेंजफाइंडर म्हणजे कॅमेऱ्यातली अंतर मोजणारी यंत्रणा, तिच्यात आपण लेन्समधून बघतच नसतो. लेन्सच्या पाठीमागची पितळी कडी बॉडीतल्या रोलरला ढकलते, रोलर आतली काच हलवतो, आणि दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की आपण शटर दाबतो. लेन्स प्रत्यक्षात कुठे फोकस झाली आहे ही वेगळी गोष्ट आणि रोलरने काय कळवलं ही वेगळी. या दोन्हींत फरक पडला, तर तो जवळ किती आणि लांब किती हे आधी बघायचं. दोष कुणाचा ते त्यातूनच कळतं. खर्चाचा विचार त्यानंतर.

प्रश्न : माझा कॅमेरा लायका एम६ आहे. त्याच्यावर अडॅप्टरने ज्युपिटर-३ ही ५० मि.मी. एफ/१.५ स्क्रू (आट्याने बसणारी) लेन्स लावते. मुलीचे फोटो मीटरभरावरून, पूर्ण उघड्या अपर्चरला काढले की डोळे धूसर येतात आणि कानाजवळचे केस शार्प. लांबचे फोटो चांगले येतात. विक्रेत्याच्या सांगण्यावरून दोनदा अडॅप्टर बदलला, काही फरक नाही. — सांगली

उत्तर : फरक पडणारच नव्हता. तुमच्या लेन्समध्ये काचा आणि पितळी कडी एकत्र, सारख्याच मापाने पुढे सरकतात. अडॅप्टर एक दशांश मिलिमीटर जाड निघाला तर काचा जितक्या पुढे येतील तितकीच कडीही पुढे येईल, आणि रोलर तेवढंच जवळचं अंतर दाखवेल. दोन प्रतिमा जुळल्या की फोकस तिथेच पडेल. अशा वेळी बिघडतं ते इन्फिनिटीचं, म्हणजे अतिदूरच्या फोकसचं टोक आणि लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे. तुमची इन्फिनिटी ठीक आहे आणि जवळचं चुकतंय. म्हणजे अडॅप्टर निर्दोष आहे.

मग चुकतंय काय? लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मि.मी. इतकी प्रत्यक्ष फोकल लेंथ धरून बांधलेला आहे. ज्युपिटर-३ झाइस कंपनीच्या सोनार लेन्सच्या घराण्यातली. लुडविग बर्टेले यांची ती रचना १९३२ मध्ये कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी आली आणि युद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांत गेली. या लेन्सची प्रत्यक्ष फोकल लेंथ ५२.४ मि.मी.च्या आसपास असते. ०.८ मि.मी.चा फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब करून बघा. एक मीटरवर फोकस करायला ५१.६ ची लेन्स इन्फिनिटीपासून साधारण २.८१ मि.मी. पुढे यावी लागते, ५२.४ ची २.९० मि.मी. बॉडी मात्र २.८१ लाच ‘जुळलं’ म्हणते. लेन्स ०.०९ मि.मी. मागे राहते आणि फोकस तीन सेंटिमीटर पलीकडे पडतो. एफ/१.५ ला मीटरभर अंतरावर शार्पपणाची पट्टी दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर असते. डोळे त्या पट्टीबाहेर राहतात आणि कानाकडचे केस तिच्याजवळ येतात. इन्फिनिटीला हा फरक शून्य होतो, म्हणून लांबचे फोटो चांगले.

तरी एक खात्री करून घ्या. तुमच्याकडे लायकाच्या एम कॅमेऱ्यांसाठीच बनवलेली एखादी लेन्स असेल, नसेल तर मित्राकडून आणा, आणि त्याच अंतरावर तीच चाचणी घ्या. तीही मागे फोकस करत असेल तर दोष बॉडीच्या रोलरच्या दांड्यात आहे, ज्युपिटरला हात लावायचं कारण नाही. ती बरोबर निघाली तर उपाय ज्युपिटरवर.

काचांचा गट फोकसच्या नळीत जिथे टेकतो तिथे शिमची, म्हणजे अंतर भरून काढणारी, एक पातळ कडी असते. तिची जाडी वाढवली की काचा पुढे येतात आणि फोकसही पुढे सरकतो. पूर्ण ०.०९ मि.मी. वाढवली तर मीटरभरावर नेमका फोकस मिळेल, पण तीन मीटरवर तो पंधरा-अठरा सेंटिमीटर अलीकडे पडेल आणि इन्फिनिटीच्या जागी तीस मीटर. ०.०५ च्या आसपासची वाढ मला सर्वांत शहाणपणाची वाटते. जवळची चूक सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरवर येते, तीन मीटरवरची एफ/१.५ च्या पट्टीतच राहते, आणि दूरचं दृश्य एफ/५.६ ला निर्धास्त काढता येतं. तुम्ही मुलीचेच फोटो काढत असाल तर मात्र जवळच्या बाजूला झुकतं माप द्या.

आणखी एक गोष्ट याच घराण्याची. अपर्चर बंद करत गेलात की सोनारचा फोकस स्वतःच मागे सरकतो. एफ/२.८ ला जुळवलेली लेन्स एफ/१.५ ला पुढे फोकस करते. म्हणून शिम बसवताना कारागिराला स्पष्ट सांगा की एफ/१.५ ला जुळवायचं आहे. आणि घरी लेन्स उघडू नका. फोकसच्या आट्यांना एकाहून जास्त तोंडं असतात. चुकीच्या तोंडातून नळी परत बसली तर आज तीन सेंटिमीटरची असलेली चूक हाताबाहेर जाईल.

प्रश्न : फिल्म इतकी महाग झाली आहे की चाचणीसाठी रोल घालवणं जिवावर येतं. फिल्मशिवाय फोकस तपासता येतो का? कॅमेरा झोर्की-४. — नाशिक

उत्तर : येतो, आणि प्रत्येक रेंजफाइंडरवाल्याने ही चाचणी शिकून घ्यावी. झोर्की-४ ची आणि फेड-२ ची पाठ अख्खी निघते, लायका एमची पाठीची झडप उघडते. १९३२ च्या लायका-२ पासूनच्या जुन्या स्क्रू लायकांमध्ये फिल्म तळातून भरतात, पाठ उघडतच नाही. त्यांच्या मालकांना रोलच घालवावा लागेल.

काचवाल्याकडून दुधी काचेचा तुकडा कापून घ्या, साधारण ३३ बाय ४५ मि.मी. शटरच्या चौकटीलगत दोन आतले रूळ असतात, त्यांच्यावर तो सपाट बसला पाहिजे आणि त्याची खरखरीत बाजू लेन्सकडे हवी. सेलोटेप ताणून लावण्याची युक्ती बरेच जण सांगतात. टेप मध्ये झोळ धरते, आणि आपण मोजतोय ते शतांश मिलिमीटरमध्ये, तेव्हा काचच घ्या. कॅमेरा तिपाईवर, शटर ‘बी’वर, लॉक होणारी केबल रिलीज, अपर्चर पूर्ण उघडं. आता काचेवरची उलटी प्रतिमा भिंगातून बघायची. खोलीत अंधार आणि समोरच्या वस्तूवर चांगला उजेड असला की काम सोपं होतं.

मी समोर पेन्सिल सेल उभे करतो. पाच सेल तिरक्या रांगेत, प्रत्येक आधीच्यापेक्षा दोन सेंटिमीटर मागे. त्यांच्यावरची बारीक छपाई फोकस बघायला उत्तम, आणि रेंजफाइंडरला उभ्या कडाही मिळतात. मधल्या सेलवर रेंजफाइंडर जुळवा, मग लेन्सला हात न लावता काचेवर कोणता सेल सर्वांत स्पष्ट आहे ते बघा. तिरकी पट्टी ठेवून तिच्याच आकड्यावर फोकस करण्यात अर्थ नाही. रेंजफाइंडरच्या चौकोनात पुढचे-मागचे चार आकडे एकदम येतात आणि आपण नेमकं काय जुळवलं ते कळत नाही.

अंतर टेपने मोजाल तेव्हा फिल्मच्या पातळीपासून मोजा, लेन्सच्या पुढच्या काचेपासून नव्हे. इन्फिनिटीसाठी दोन-तीन किलोमीटरवरचा मोबाइल टॉवर किंवा उंच टाकी निवडा. एक मीटर, तीन मीटर आणि इन्फिनिटी, एवढी तीन अंतरं पुरतात. चूक सगळीकडे एकाच दिशेची असेल तर रेंजफाइंडरची इन्फिनिटी हललेली आहे. लांब ठीक आणि जवळ चूक असेल तर दांड्याची लांबी किंवा लेन्सची फोकल लेंथ, वरच्या सांगलीच्या पत्रासारखी.

खरी फिल्म या आतल्या रुळांना घट्ट चिकटून नसते, फिल्मला मागून दाबणाऱ्या प्रेशर प्लेटच्या आणि रुळांच्या मधल्या फटीत किंचित मागे राहते. म्हणून काचेवर सगळं जुळलं की शेवटचा पडताळा चार-पाच फ्रेम खर्चून घ्याच.

प्रश्न : माझ्या लायकावर एकाच अडॅप्टरने दोन स्क्रू लेन्स लावतो. ५० मि.मी. एल्मारचे फोटो ठीक येतात, फक्त लेन्स इन्फिनिटीला टेकवली तरी दूरच्या कळसाच्या दोन प्रतिमा पूर्ण जुळत नाहीत. ९० मि.मी. एल्मार एफ/४ मात्र नेहमी मागे फोकस करते. ९० खराब आहे का? — इंदूर

उत्तर : तुमच्या पत्रात उत्तर जवळजवळ आलेलंच आहे, आणि या खेपेला संशय खरोखर अडॅप्टरवर जातो.

स्क्रू माउंटमध्ये लेन्सच्या टेकण्यापासून फिल्मपर्यंत २८.८ मि.मी. अंतर असतं. १९५४ मध्ये एम३ आला तेव्हा लायकाने ते २७.८ केलं, म्हणजे मधला अडॅप्टर बरोबर १.० मि.मी. जाड हवा. तुमचा समजा १.१ आहे. ५० च्या लेन्सवर काय होतं ते वर सांगितलं : काचा आणि कडी दोन्ही ०.१ ने पुढे येतात, रेंजफाइंडर आणि फोकस एकमेकांशी जुळलेले राहतात, फक्त इन्फिनिटी हाती लागत नाही, लेन्स सव्वीस-सत्तावीस मीटरवर अडते. एफ/८ ला काढलेल्या फोटोत ते कळणारही नाही. कळस न जुळण्याचं कारण हेच असणार.

९० मध्ये काचा आणि कडी सारख्या मापाने हलत नाहीत. काचा बऱ्याच जास्त सरकतात आणि कडी ५० च्या लेन्सची भाषा बोलते, कारण रोलरला तेवढीच समजते. तिथे अडॅप्टरने दोघांनाही सारखंच ०.१ ढकललं की गणित फिसकटतं. कडीच्या दृष्टीने ०.१ बरंच मोठं, काचांच्या दृष्टीने थोडं. आकड्यांत सांगायचं तर रेंजफाइंडर पाच मीटरवर जुळलेला असताना लेन्स सुमारे ५.७ मीटरवर फोकस करते. एफ/४ लाही एवढी चूक झाकली जात नाही.

म्हणून मायक्रोमीटर घ्या. पट्टीचा व्हर्नियर इथे पुरेसा नाही. अडॅप्टरची जाडी स्क्रू लेन्स जिथे टेकते तिथपासून बॉडीला टेकणाऱ्या पृष्ठापर्यंत, चार ठिकाणी मोजा. १.०० च्या दोन शतांश इकडेतिकडे चालेल. चार ठिकाणची मापं वेगवेगळी आली तर अडॅप्टर तिरका आहे, आणि फोटोची एक बाजू कायम मऊ राहील. बाहेरचा काळा रंग खरवडून पुन्हा मोजायचा मोह होईल, तसं करू नका. सरळ चांगला अडॅप्टर घ्या. माझ्या टेबलावर स्वस्त अडॅप्टर येतात त्यांत जाड आणि पातळ दोन्ही सापडतात, त्यामुळे किमतीवरून अंदाज बांधण्यापेक्षा मोजणं बरं.

अडॅप्टरवर ‘५०-७५’ किंवा ‘२८-९०’ लिहिलेलं असतं, त्याचा फोकसशी काही संबंध नाही. त्याने फक्त व्ह्यूफाइंडरमधली चौकट बदलते. विक्रेत्यांकडून याबद्दल फार गोंधळ ऐकायला मिळतो.

प्रश्न : कॅननची जुनी ५० मि.मी. एफ/१.८ स्क्रू लेन्स. पावसाळ्यानंतर सगळे फोटो आउट ऑफ फोकस. रेंजफाइंडर कुठे नीट करून मिळेल? — रत्नागिरी

उत्तर : आधी सांगा, फोटोत कुठेतरी शार्प आहे का? डोळ्यांवर नाही, पण मागच्या भिंतीवर, पुढच्या पायरीवर, कुठेही? फोकस चुकला की तो दुसरीकडे कुठेतरी पडलेला असतो. कुठेच नसेल तर तो फोकसचा प्रश्नच नाही. तुम्ही पाठवलेल्या प्रिंटमध्ये पुढेमागे कुठेच स्पष्टपणा नाही, आणि काळा रंग राखाडी झाला आहे.

लेन्स काढा, अपर्चर उघडा, अंधारात एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कॅननच्या या लेन्समध्ये अपर्चरलगतच्या काचेवर धुकं धरणं सर्वपरिचित आहे. वंगणाची वाफ तिथे जमते आणि कोकणातली हवा त्यात भर घालते. वेळेवर पुसलं तर जातं. फार दिवस राहिलं तर काचेचा पृष्ठभागच खातं आणि मग काही करता येत नाही. तेव्हा दिवाळीपर्यंत थांबू नका, याच महिन्यात साफ करून घ्या. रेंजफाइंडरला कुणालाही हात लावू देऊ नका, तो बिघडल्याची एकही खूण तुमच्या पत्रात नाही.

प्रश्न : लायका एमच्या लेन्स मी निकॉन झेड या मिररलेस (आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्यावर अडॅप्टरने वापरतो. इन्फिनिटी खुणेच्या बरीच आधी येते. लेन्स दुरुस्त करून घेऊ का? — बेंगळुरू

उत्तर : नको. लेन्सच्या टेकण्यापासून सेन्सर किंवा फिल्मपर्यंतचं अंतर निकॉन झेडचं १६ मि.मी., एमचं २७.८, म्हणजे अडॅप्टर ११.८ हवा. बनवणारे तो मुद्दाम किंचित पातळ ठेवतात, म्हणजे कोणत्याही बॉडीवर इन्फिनिटी हुकत नाही. लेन्सवरचे आकडे तुम्हाला जुळलेले मिळणार नाहीत, पण फोकस तुम्ही सेन्सरवर डोळ्यांनी बघून करता, त्यामुळे नुकसान काही नाही. अपवाद जवळच्या फोकससाठी आतल्या काचांचं अंतर बदलणाऱ्या नव्या लेन्सचा. त्यांना पातळ अडॅप्टरवर कडांचा थोडा शार्पपणा गमवावा लागतो.

तुमच्या या जोडणीचा एक मोठा उपयोग आहे आणि तो फारसा कुणी करत नाही. रेंजफाइंडरवर मऊ वाटणारी लेन्स झेडवर लावून, प्रतिमा मोठी करून फोकस करा. तिथे शार्प आली तर काचा उत्तम आहेत, दोष कडीत, शिममध्ये किंवा बॉडीत. तिथेही मऊ असेल तर दोष रेंजफाइंडरचा नाही. मात्र कडीबद्दल किंवा इन्फिनिटीबद्दल या जोडणीवरून कोणताही निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : वय ६८. फॉइग्टलेंडर बेसा-आर, ९० मि.मी. एफ/३.५. कधी फोकस पुढे, कधी मागे. दुरुस्तीवाल्याने कॅमेरा ठीक असल्याचं सांगितलं. — ठाणे

उत्तर : दुरुस्तीवाला बरोबर असावा. यंत्र चुकतं तेव्हा एकाच दिशेला चुकतं. कधी पुढे कधी मागे होत असेल तर बघण्यात काहीतरी आहे. खात्रीसाठी कॅमेरा तिपाईवर ठेवून तीन मीटरवरच्या खिडकीच्या चौकटीवर आठ-दहा वेळा फोकस करा, दर वेळी लेन्स पूर्ण फिरवून परत आणा आणि आकडा लिहा. मग घरातल्या तरुण माणसाला तेच करायला सांगा. त्याचे आकडे एका जागी आले आणि तुमचे पसरले, तर कॅमेऱ्याला सुट्टी द्या.

तुम्ही प्रोग्रेसिव्ह चष्मा लावत असाल असा माझा अंदाज आहे. आयपीसला, म्हणजे बघायच्या खिडकीला, डोळा लावताना मान किती कलते त्यावर चष्म्याचा कोणता भाग समोर येतो ते ठरतं, आणि दर वेळी वेगळा भाग येतो. व्ह्यूफाइंडरची प्रतिमा वाचनाच्या अंतरावर नसते. लायका एममध्ये ती उणे अर्ध्या डायॉप्टरला, म्हणजे दोन मीटरवर बसवलेली असते. तेव्हा फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या, किंवा आयपीसवर बसणारी नंबरची काच.

दुसरी अडचण कॅमेऱ्याच्या घडणीत आहे. बेसा-आरच्या दोन खिडक्यांमध्ये ३७ मि.मी. अंतर आहे आणि फाइंडर प्रतिमा ०.६८ पट दाखवतो, म्हणजे प्रभावी पाया (जितका मोठा तितकं अंतर नेमकं जुळतं) सुमारे २५ मि.मी. एम६ मध्ये ६९.२५ गुणिले ०.७२, जवळपास ५०. त्याच डोळ्याने बेसावर दुप्पट चूक होणार, आणि ९० मि.मी. लेन्स ती लपवत नाही. ५० आणि ३५ साठी बेसा अगदी पुरेसा आहे. ९० ला एफ/५.६ पेक्षा जास्त उघडू नका, आणि चौकोनात जुळवायला उभी, ठळक कड निवडा. चेहऱ्यावर चष्म्याची काडी किंवा बुबुळाची कड उत्तम.

प्रश्न : आजोबांची इंडस्टार-५० लेन्स सापडली, ३९ मि.मी. आट्याची. झोर्कीवर नीट बसते, पण कशावरच फोकस होत नाही. — नागपूर

उत्तर : ती झेनिटची आहे. सुरुवातीच्या झेनिट एसएलआरला (आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला) ३९ मि.मी.चाच आटा होता, पण आरशाला जागा हवी म्हणून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.२ मि.मी. तुमच्या झोर्कीवर लेन्स १६.४ मि.मी. जास्त आत बसते आहे, म्हणून इन्फिनिटीसकट कुठेच फोकस नाही. रेंजफाइंडरच्या इंडस्टार-५० ला मागे रोलरला ढकलणारी कडी असते, हिला नसेल, बघून घ्या. लेन्स चांगली आहे. जुनी झेनिट बॉडी शोधा, नाहीतर योग्य अडॅप्टरने मिररलेसवर लावा. झोर्कीसाठी कडीवाली इंडस्टार-५० किंवा इंडस्टार-६१ घ्या, आणि विकत घेण्याआधी लेन्स उलटी धरून ती कडी स्वतः बघा.